हिरवं दार

३ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

पन्नाशीला टेकलास तरी माझ्यासाठी तू भोपळ्याच, तक्रार चालणार नाही. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर घर विकायचा विषय काढला की आई शेजारी येऊन बसते आणि कुणाचं घर विकताय म्हणून विचारते. 

दलाल येऊन गेला. म्हणे आहे तसं विकलं तर मातीमोल जाईल. भिंती पांढऱ्या करा, अडगळ काढा, घरातल्या बोळातली चारही दारं एका रंगात घ्या. रंगाऱ्याचा आकडा ऐकून मी त्याला पाणीही न विचारता वाटेला लावलं. मीच रंगवणार. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. वृद्धाश्रमाच्या बाईंनी आईची जागा मार्चअखेरपर्यंतच धरून ठेवलीय, आणि माझी कंबर आता तिला उचलायला नाही म्हणते. त्याआधी घर गेलं नाही तर जागाही गेली.

अडलंय एका दारापाशी. संडासाचं हिरवं दार. बाबांनी बसडेपोतला उरलेला रंग फासला होता आणि आपण त्याला बेडूक म्हणायचो, आठवतं? आईला माझं नाव आठवत नाही, पण ते दार बरोबर सापडतं. तेवढं राहू द्यावं असं वाटतं. तू काय म्हणतोस?

लोभ आहेच, वाढवायचाच असेल तर रंगाच्या दोन डब्यांपुरता वाढव.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

डब्यांचे पैसे पाठवलेत. आमच्या कारखान्यात एक पाळी बंद झालीय, त्याहून जास्त जमत नाही. लाज वाटते.

दाराचं म्हणशील तर उगाच हळवी होऊ नकोस. पांढऱ्याशुभ्र घरात तो बेडूक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपणार. आई त्या घरात चाळीस वर्षं चालतेय. वाट डोळे नाही ओळखत, पाय ओळखतात. टाक रंगवून.

आणि आईला सांग, तिचा नियम मी अजून पाळतो. परक्याच्या घरी पाणी बेतानं प्यायचं, म्हणजे संडास कुठे म्हणून विचारायची पाळी येत नाही! साहेबांकडे जेवायला गेलो तरी कोरड्या घशाने परततो. बायको हसते.

धाकट्याचा हट्ट समज, पण एवढं ऐक.

तुझा भोपळ्या


२४ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

ऐकलं बाबा तुझं. तीन हात द्यावे लागले, बेडूक दर वेळी खालून डोकावायचा. आता चारही दारं सारखी. दलाल खूश आहे.

परवा आई बोळात उभी होती. एकेका दारावरून तळहात फिरवत होती, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. ओल्या कपड्यांनी उभी राहून तिने माझी माफी मागितली. मला बाई म्हणाली. तुमचं घर इतकं स्वच्छ आणि मी घाण केली म्हणाली, आणि पुसायला फडकं मागू लागली. भोपळ्या, मी तिथेच फरशीवर बसून रडले.

तेव्हापासून ती पाणी पीत नाही. पेला पुढे केला की नको, घरी जाऊनच पिईन, असं गोड हसून सांगते. तू लिहिलेला तिचाच तो नियम! दाराला लाल फडकं बांधलं, हाताला धरून नेलं, काही उपयोग नाही. परक्यांपुढे लाजावं तशी लाजते. ओठ फुटलेत. डॉक्टर दोनदा सलाईन लावून गेले.

रविवारी एक जोडपं घर बघायला येणार आहे. मला कशाचीच हौस उरली नाही.

ताई


२ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं. पाय ओळखतात, असं मोठ्या तोंडाने लिहून बसलो. इथे बसून शहाणपणा शिकवायला माझं काय जातं? दोष माझा आहे, तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

रजा मागितली. साहेब म्हणाले, गेलास तर परत येऊ नकोस. ताई, दार पुन्हा हिरवं कर. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.

रागावली असलीस तरी लिही.

भोपळ्या


१२ मार्च

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

रागावले नाही. सौदा झाला. त्या जोडप्याने खोल्यांत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही, नुसतं मागचं अंगण पावलांनी मोजलं. घर पाडून नवं बांधणार आहेत. जाताना ती बाई भिंतींकडे बघून म्हणाली, उगीच त्रास घेतलात.  आश्रमापुरते पैसे येतील. सव्वीस तारखेला आईला पोचवायचंय.

तुझं पत्र यायच्या आधीच मी माळ्यावर बाबांचा डबा शोधला होता. तळाशी रंगाचा दगड झालेला. टर्पेंटाइन ओतून ढवळत बसले, जेमतेम एक हात निघाला. ओघळ आलेत, बाबांचेही यायचे.

वाळल्यावर आईला दारासमोर नेऊन उभं केलं. ती थांबली. बघत राहिली आणि ओळखीचं हसली. माझ्या जिवात जीव आला रे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाई, आमच्याकडेही अगदी असंच दार आहे.

आणि दार न उघडताच खुर्चीत जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. अजून तिथेच आहे. पाणी विचारलं तर म्हणते, आता कशाला, माझा मुलगा मला घरी न्यायला येतोय.

लोभ असू दे. जमलं तर ये.

तुझी ताई