जिनिंगमधलं बोलणं

माय, काल मी पुन्हा एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेले. आपलं नव्हे. ते पाडलं, तिथं आता खताचं गोदाम आहे. हे मानवतच्याच रस्त्यावरचं दुसरं, बरीच वर्षं बंद असलेलं. आत सिनेमाचं शूटिंग चाललं आहे. तू गेलीस तेव्हा मी सिनेमात नव्हते, म्हणून आधी तेच सांगते. मी सिनेमात काम करते आणि पुष्कळ लोक मला ओळखतात. परभणीच्या स्टँडसमोर माझा फोटो लावला आहे, भिंतीएवढा. त्यात मी कुणाकडे तरी बघते आहे. माझ्या बघण्याबद्दल लोक लिहितात. समोरचा बोलत असताना ही बाई असं बघते की तिला जगात दुसरं काही उरलेलं नसतं, असं एकानं लिहिलं होतं. माझ्या हळू आवाजाबद्दलही लिहितात. त्यांना ती कला वाटते. मला ऐकू येत नाही, माय. समोर तोंड दिसत असेल तर सगळं कळतं. पाठीमागून कोणी बोललं तर काहीच नाही. कालपर्यंत हे डॉक्टरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तुझं जिनिंग मला पायातून आठवतं. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की जमीन हलायची. मशीनच्या दोन रांगा, प्रत्येक मशीनसमोर एक बाई, वर उडणारी रुई, आणि तो आवाज. नवी बाई आली की पहिले काही दिवस ओरडून बोलायची, मग घसा बसला की शहाणी व्हायची. तुम्ही सगळ्या आवाज न काढता बोलायचात. ओठ, भुवया, हनुवटी. कुणाची सून माहेरी गेली, कुणाला दिवस गेले, मुकादमाची मिशी आज एका बाजूनं कशी खाली आली आहे, सगळं. दूरच्या बाईला हाक मारायची असेल तर पायाशी पडलेलं सरकीचं बी उचलून तिच्या पाठीवर मारायचं. ती वळली की बोलायचं. मी भिंतीजवळ झोळीत असायचे. मशीन बंद पडलं की रडत उठायचे, असं तू सांगायचीस आणि हसायचीस. आवाज काढून बोलायला शिकायच्या आधी मी तुमचं ते बोलणं शिकले असेन.

तुझे कान कधी गेले ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. जिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथं ऐकू न येणारी बाई उठून दिसत नाही. घरी मात्र दिसायचं. बाप वीटभट्टीवर असायचा, सणाला यायचा. घरात आपण दोघी. तू चुलीपुढं बसलीस की मी जाळाच्या पलीकडे बसायचे. तिथून तुझं तोंड उजेडात यायचं आणि माझंही. भाकरी थापताना तू मान खाली घालायचीस तेवढा वेळ बोलणं थांबायचं. भाकरी तव्यावर पडली की तू मान वर करायचीस आणि मी अर्धं राहिलेलं वाक्य पुढं न्यायचे. सगळ्या घरांत असंच बोलतात असं मला वाटायचं. शेजारची मावशी एकदा दारात उभी राहून आपल्याकडे बघत होती. म्हणाली, मायलेकी भांडल्या का काय, कामून गप बसल्या? आपण दोघी तर कधीच्या बोलत होतो.

शाळेच्या गॅदरिंगला मी नाटकात होते. गुरुजींनी तुझ्यापाशी माझं कौतुक केलं, पोरीनं चांगलं काम केलं म्हणाले. तू मान हलवलीस. घरी आल्यावर तू माझी हनुवटी धरून वर केलीस. तुझ्या बोटांना तेलाचा आणि कापसाचा वास होता. तू रागावली होतीस. "तोंड पाडून बोलायलीस. मागं बसलेल्या बाईनं काय करावं? तिला दिसाया नको?" मी म्हणाले, माय, मोठ्यानं तर बोलले. तू म्हणालीस, "मोठ्यानं बोलून काय हुतंय?" पुढं मी शिकले, शिकवणारे मोठमोठे लोक भेटले. तुझ्या त्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगाचं त्यांनी काही सांगितलं नाही.

आता ती दुपार. मी शाळा सुटल्यावर तुझ्याकडे आले होते, फाटकाच्या आत भिंतीला टेकून उभी होते. लाइट गेली. मशीनं एकेक करून थांबली आणि जिनिंगमध्ये असा सन्नाटा झाला की रुई खाली बसताना दिसत होती. बायांनी लगेच तोंडं उघडली, मोकळ्या आवाजात बोलायला लागल्या, कुणी पाणी मागितलं, कुणी खोकली. तू शेजारणीला मिशीचंच काहीतरी सांगत होतीस. तुझे ओठ हलत होते, भुवया हलत होत्या आणि आवाज नव्हता. मुकादम तुझ्या मागं येऊन उभा राहिला. हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. तू सांगतच होतीस. तो शांतपणे म्हणाला, "उद्यापासून तुझा रोज डबल." बायांनी चमकून वर बघितलं. तू वळली नाहीस. शेजारणीनं खाली हात घालून सरकी उचलली. मुकादमानं तिचं मनगट धरलं. तेव्हा तू त्या मनगटाकडे बघितलंस, मग मागं वळलीस.

तो वाईट बोलला नाही. त्यानं तुला समोर उभं केलं आणि तोंड नीट उघडून, तुला कळेल असं बोलला. "बाई, पट्टा तुटला अन् म्या वरडलो, तर तुला काय कळंल? हात जाईल. जीव जाईल. म्या कुणाला तोंड दाखवू?" दुसऱ्या दिवसापासून तू जिनिंगला गेली नाहीस. घरी जाताना रस्त्यात तू मला थांबवून विचारलंस, कुणी सांगितलं त्याला? मी म्हणाले, कुणीच न्हाई, तूच बोलायली होतीस, बिनआवाजाचं. तू पुढं चालायला लागलीस. मग म्हणालीस, "मशीन बंद पडल्यालं हाताला कळलं गं. पर आवाज किती काढायचा, ते कळंना." त्यानंतर तू घराबाहेर आवाज काढणंच सोडलंस. लोकांच्या रानात कापूस वेचलास. रुई छातीत बसलेलीच होती, ती तुला घेऊन गेली. मी मुकादमाला मनातून शिव्या देत मोठी झाले.

माझे कान पहिल्या मोठ्या सिनेमानंतर जायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सतत मोठ्या आवाजाजवळ होतात का? मी नाही म्हणाले. गाव शांत होतं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? तेही नाही म्हणाले. यंत्र घेतलं, केसांखाली लपतं. खोलीत एकच माणूस असेल तर बरं चालतं. सेटवर पंखे, जनरेटर, माणसं, सगळं एकदम आत येतं आणि शब्द सुटे होत नाहीत. म्हणून मी माझ्याबरोबर दुसऱ्यांचेही संवाद पाठ करते. नेहमी समोरासमोर बसते. फोन उचलत नाही, त्याला लोक माज म्हणतात. तालमीत इतकी मेहनत कोण करतं, असं म्हणून नव्या पोरींना माझं उदाहरण देतात. एक माणूस माझ्याबरोबर राहायचा. दिवा मालवला की तू बोलतच नाहीस, असं म्हणून तो गेला. तो चांगला होता. त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं दिवा चालू ठेवला असता, हेही मला माहीत होतं. पण मग तो कुणाला तरी बोलला असता, आणि पाठीमागून कुणीतरी डबल पैशांचं बोलून बघितलं असतं.

कालचा प्रसंग साधा होता, जिनिंगच्या आतच घर उभं केलं होतं. लेक घर सोडून निघते, आई मागून हाक मारते, लेक थांबते आणि मागं न बघता उभी राहते. दिग्दर्शक तरुण आहे, हुशार आहे. त्याला सगळा आवाज जागेवरचाच हवा असतो, नंतर भरलेला नको असतो. मागं बघायचं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी थेट दारापर्यंत चालत गेले. हाक कधी आली मला कळलं नाही. तो खूश झाला. म्हणाला, ताई, थांबलाच नाहीत, हे काहीतरी वेगळंच झालं, पण एक थांबलेलंही घेऊ. दुसऱ्यांदा मी अंदाजानं थांबले. हाक त्यानंतर आली असावी, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. उकाड्याचं निमित्त करून मी बाजूला जाऊन बसले.

आईचं काम करणारी बाई माझ्यासमोर येऊन बसली. जुनी, नाटकातली, इकडचीच; नवरा सोनपेठचा होता म्हणते. तिच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. एक फोडली, दाणे मला दिले, आणि विचारलं, कानाला काय झालंय? मी म्हणाले, काही नाही, कुठं काय. माझे केस नीट करणारी मुलगी बाजूला उभी होती. ती म्हणाली, "ताई, कुणाला सांगताय? त्या तर काहीच बोलल्या नाहीत." तेव्हा मला कळलं. बाईनं आवाज काढलाच नव्हता.

बाईनं मुलीला चहा आणायला पाठवलं. मग मला कळेल अशी बोलली. "सगळे म्हणतेत, ही डोळ्यात डोळे घालून बघती. तू डोळ्याकडं कवाच बघत न्हाईस, पोरी. तोंडाकडं बघतीस." ती म्हणाली, तिच्या नवऱ्याचंही असंच होतं. तो नाटकात कधीच चुकला नाही, रस्ता ओलांडताना चुकला. मग आणखी एक शेंग फोडली. म्हणाली, "म्या कुणाला सांगणार न्हाई. आत्ताचं कसं करायचं ते सांग." मी आजूबाजूला बघितलं. इतक्या वर्षांनीही फरशीच्या फटीत सरकी होती. मी दोन-चार उचलून तिच्या हातात दिल्या आणि कुठं मारायच्या ते दाखवलं. ती हसली. "दगूड न्हाई लागत, तेवढं बरं," म्हणाली.

तिसऱ्यांदा मी चालत निघाले आणि खांद्याच्या खाली, मधोमध, सरकी लागली. मी थांबले. मागं बघायचं नव्हतं. सगळं अंग मागं वळायला निघालं होतं आणि मी ते धरून ठेवलं. दिग्दर्शक धावत आला. त्याचे डोळे ओले होते. हे कसं केलंत ताई, असं विचारत होता. नेहमीचं उत्तर माझ्याकडे तयार असतं, ते मी दिलं.

संध्याकाळी आजचं काम सांगितलं. शेतातली पायवाट. मी पुढं चालते, मागून कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर येतो. एक माणूस हाक देईल तेव्हा मी बाजूला व्हायचं. हाक शेवटच्या क्षणी द्यायची, म्हणजे खरं वाटेल. मी मान हलवली. बाई माझ्याकडे बघत होती. मला मुकादम आठवला, त्याचं ते नीट उघडलेलं तोंड. पट्टा तुटला अन् म्या वरडलो तर. माय, तो बरोबर होता. इतकी वर्षं मी त्याचा राग केला आणि तो बरोबर होता, आणि तरी तुझी रोजी गेली ती गेलीच. ह्या दोन गोष्टींचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी पायवाटेवर धूळ उडत होती. दिग्दर्शकानं नाकातोंडाला गमछा बांधला होता. ट्रॅक्टर सुरू झालेला पायांना कळला. दिग्दर्शक माझ्यापाशी येऊन काहीतरी समजावून सांगत होता, गमछा तेवढा हलत होता. अशा वेळी मी हसते, मान हलवते आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावरून काढून घेते. बाई लांब छत्रीखाली बसली होती. मी त्याला म्हणाले, तोंडावरचं काढा. त्यानं ऐकलं नाही किंवा त्याला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "फडकं काढा. दिसल्याशिवाय मला ऐकू येत नाही."

त्यानं गमछा खाली ओढला. पण त्याच्याकडे बघायच्या आधी मला बाकीचे दिसले. ट्रॅक्टरवरचा माणूस, दिवे धरलेली पोरं, बांधावर शूटिंग बघायला जमलेलं गाव, सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. मी फार मोठ्यानं बोलले होते. आवाज किती काढायचा, ते मलाही कळलं नाही.

ट्रॅक्टरचा प्रसंग रद्द झाला. दिग्दर्शकानं कधीपासून असं विचारलं, मी सांगितलं. त्यानं गळ्यातला गमछा काढून खिशात कोंबला. बांधावरच्या फोनमधून हे आतापर्यंत मुंबईला गेलं असेल. पुढच्या सिनेमाचे लोक उद्या भेटणार होते, ते येतील की नाही माहीत नाही. आले तर समोर बसतील आणि फार हळूहळू, तोंड फाकून बोलतील, तेही नको वाटतं. बाई मघाशी भाजलेल्या शेंगा ठेवून गेली. जाताना दाराशी थांबून पाठमोरी काहीतरी बोलली आणि मग आठवण होऊन वळली. जेव म्हणत होती.

आता पत्रकार येतील आणि विचारतील, हे कशामुळं झालं. तुझ्या जिनिंगचं, झोळीचं, जाळाच्या पलीकडे बसण्याचं मी त्यांना काही सांगणार नाही; त्यांच्या लेखी ते नुसतं दुखण्याचं कारण होईल. डॉक्टरांना जे सांगितलं तेच सांगेन, की गाव शांत होतं आणि घरात असं कुणालाच नव्हतं. एवढं एक खोटं मी ठेवून घेते आहे, माय.