खंडेनवमीचं कुलूप

प्रिय दादा,

दोन बोल्ट निघाले होते, तिसरा फिरत होता, आणि खालून पंपाच्या स्विचची मूठ खडखडली.

तुझ्या कानावर पडलेला शेवटचा आवाज हाच होता का रे? वर्षभर कुणाला विचारलं नाही. आज तुलाच विचारते. आज खंडेनवमी. तुला जाऊन वर्ष झालं, आणि सकाळी मी तुझ्याच शिडीवर, त्याच कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीपाशी उभी होते.

दुसरा दिवस मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे. सातपूरमधला आपला कारखाना एरवी थांबतच नाही. हत्यारांची पूजा असते म्हणून आज पंप बंद, टाकीची पातळी खाली. पातळी सांगणारा सेन्सर बाहेर काढून धुवायचा तो आजच. वर्षभरात त्याच्या टाकीत बुडणाऱ्या काट्यावर सोड्याचा पांढरा थर चढतो. मग तो रिकाम्या टाकीला भरलेली म्हणतो, भरलेलीला रिकामी. "जावयासारखा जप त्याला," तू म्हणायचास. "खरवडलास तर रुसेल, आणि रुसला की खोटं बोलेल." मी अजूनही मऊ ब्रशच वापरते.

आणि तू म्हणायचास, आधी स्विचला आपलं कुलूप, म्हणजे कुणाला पंप सुरू करता येणार नाही, मग शिडीला पाय. किल्ली आपल्या खिशात. चहाला गेलं तरी खिशात. साहेबाने मागितली तरी खिशात.

मग कुलूप काढून दिलंस का?

पंपावरच्या रामदासमामांनी मागितलं म्हणून? मामा पूजा मांडत होते. पाने, पक्कड, हातोडी, सगळं ताटात. "दादा, वर्षभर हे कुलूप तुझी राखण करतं. त्याला हळदीकुंकू नको व्हय?" तुला नाही म्हणता आलं नाही. कुलूप ताटात गेलं, तू शिडीवर गेलास. आरती झाली, नारळ फुटला आणि मामांनीच मुहूर्ताला पंप एकदा फिरवला. भरणीची नळी सेन्सरच्या तोंडाच्या वरच सुटते. शिंतोडे आले, तू मागे झालास. मागे शिडीची मोकळी बाजू होती.

एवढा हुशार माणूस तू! देवाच्या कामाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच ना?

आज नवीन सुपरवायझर आले. भला माणूस आहे. "ताई, कुलूप द्या ना. पाच मिनिटं. दादांचंच आहे, पूजेत हवं."

"नाही देणार."

"अहो, सगळी माणसं बघतायत."

"बघू देत."

खाली कुणीतरी म्हणालं, भावाचं कुलूप आणि पूजेलासुद्धा देत नाही, लय कडक बाई. मी तोंडावरची काच खाली ओढली आणि वर गेले. खाली आरती सुरू झाली.

मग ती मूठ खडखडली.

माझे हात टाकीच्या उघड्या तोंडाशी होते. किल्ली खिशात होती, हे मला माहीत होतं. तरी मी वर नळीकडे पाहिलं. मागे सरायचं नाही, एवढंच आठवलं. मी टाकीवरच्या फळीवरच खाली बसले, कठडा धरून. पुन्हा खडखड. आता वरून धार सुटेल. आता. नळी कोरडीच राहिली.

"बघा साहेब," मामांचा आवाज. "हलत नाय. ताई खाली येईस्तोवर हलणार बी नाय."

"मामा, मुहूर्ताला नुसतं एकदा फिरवायचं होतं." सुपरवायझरांचा आवाज.

"मुहूर्त थांबतो. माणूस थांबत नाय."

मी वाकून पाहिलं. सगळे आरतीला होते आणि मामा स्विचपाशी उभे होते, पाठ लावून. सेन्सर निघेपर्यंत, उघड्या तोंडावर झाकण बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. प्रसादालाही नाही.

मी उतरले. आम्ही वर्षभर बोललेलो नाही, दादा. त्यांनी तिथेच मागवून घेतलेलं पूजेचं ताट पुढे केलं. "हितंच लावू का? लटकलेल्यालाच?"

मी मान डोलावली. त्यांनी कुलपाला बोट लावलं. हळद लागली, कुंकू अर्धं खाली सांडलं.

तुला राग येईल का, त्यांना मी हळद लावू दिली म्हणून? मला आला नाही. येईल असं वाटलं होतं.

किल्ली खिशातून निघणार नाही, दादा. कुणाच्या शब्दाने नाही, कुठल्या देवाच्या कामाने नाही. पूजा हवी तर ताट कुलपापाशी येईल. हा माझा शब्द.

तुझी,
शालू

ता. क. हे दुसऱ्या दिवशी लिहितेय. सकाळी सेन्सर बसवला, कुलूप माझ्या हाताने काढलं आणि टाकीत आधी साधं पाणी चढवलं. पाणी काट्याला लागलं, घंटा वाजली, पंप आपोआप थांबला. मामा शिडीखाली उभे होते.