पाचव्या मिनिटाला एकेचाळीस

प्रिय मावशी,

नमस्कार. (आई म्हणते, मोठ्यांना पत्रात साष्टांग लिहावा. मी खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा खोटं कशाला?) तुझा डावा गुडघा जिना उतरताना अजून वाजतो का? वाजत असेल तर साधारण किती वाकल्यावर, ते कळव; नुसत्या ‘दुखतं’वरून काही ठरवता येत नाही. काका बरे असतील. इकडे सगळं ठीक. बाबांचं वजन दीड किलोनं वाढलं आहे. बाबांच्या मते तो काट्याचा दोष आहे. काटा मी तपासला. काट्याचा दोष नाही.

मी डॉक्टर होणार ही बातमी बाबांनी तुला फोनवर दिलीच असेल. ती चुकीची आहे. ‘विचार करते आहे’ एवढंच मी म्हणाले होते, तेही जेवताना, तोंडात घास असताना. बाबांनी हात धुतले, टेप आणली, दारावरची पाटी मोजली आणि नावाआधी ‘डॉ.’ बसवायला दीड इंच कमी पडतो असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला जीभ दाखवतो. (दुखणं तपासायला. वेडावायला नव्हे.)

विचार करणं आमच्या कॉलेजात वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या वर्षाच्या ज्या मुलांना पुढे मेडिकलला जावंसं वाटतं त्यांनी पंधरा दिवस दुपारी हॉस्पिटलच्या ओपीडीत बसायचं, मोठ्या डॉक्टरांची सही घ्यायची आणि फॉर्मवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. फॉर्म पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी द्यायचा आहे. वर्गातली मुलं माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. मी आधी उपकरणदुरुस्तीचा डिप्लोमा केला आहे हे त्यांना माहीत नाही. मी नापास होत होत इथवर आले असं त्यांना वाटतं आणि म्हणून ती माझ्याशी फार प्रेमानं वागतात. पहिल्याच दिवशी मी ओपीडीतली रक्तदाब मोजायची पाच यंत्रं तपासली. दोन यंत्रं आठ अंकांनी जास्त दाखवत होती. ती जुळवली. तीन माणसांचा आजार एका स्क्रूनं बरा झाला आणि त्यातले दोघे नाराज झाले. (एकानं बारा वर्षं मीठ सोडलं होतं. तो माझ्याकडे बघत होता ते बघणं मी विसरणार नाही.)

मुख्य गोष्ट मंगळवारची. मोठ्या डॉक्टरांनी (आम्ही त्यांना भिंग म्हणतो, कारण ते माणसाकडे चष्म्याच्या वरून आणि कागदाकडे खालून बघतात) मला स्टेथोस्कोप दिला आणि म्हणाले, “पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. एवढं येतं ना?” येतं, पण एक ठोका मोजायचा राहिला तर उत्तर चारनं चुकतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरून बघितलं आणि ते निघून गेले. म्हणून मी ठरवलं की पहिला रुग्ण दहा मिनिटं ऐकायचा, दर मिनिटाचा आकडा मांडायचा आणि सरासरी काढायची. पहिला रुग्ण एक निवृत्त बस कंडक्टर निघाले. पाठ ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी पडदा ओढला, स्टुलावर बसले आणि ऐकू लागले. पहिली चार मिनिटं बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर.

त्यानंतर माझी एकाग्रता वाढली. मावशी, तू तीस वर्षं हेडसिस्टर होतीस, तुला हे नवं नसेल. पण आत खूप जागा असते. एक मोठी इमारत होती, कुणीही राहत नसलेली, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओल्या पायांनी सावकाश चालत होतं. मी जिना चढू लागले. खोल्यांच्या खिडक्या उघड्या होत्या, पडदे एकदम आत यायचे, एकदम बाहेर जायचे. भिंतींवर मी आजवर दुरुस्त केलेली सगळी मीटरं लावलेली होती आणि एकाचाही काटा चुकत नव्हता. शेवटच्या मजल्यावर एक दार होतं. पावलं दारामागे थांबली. मी कडीला हात लावला, आणि कंडक्टर खोकले.

पडदा बाजूला झालेला होता आणि सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “मैफल संपली असेल तर बाहेर चाळीस माणसं आहेत!” कंडक्टरांनी डोळे मिटलेले होते, बहुधा झोपले असावेत. माझ्या वहीत पाचव्या मिनिटासमोर एकेचाळीस लिहिलेलं होतं, जरा उतरत्या अक्षरात, आणि पुढे काही नव्हतं. बहात्तरावरून एकेचाळीस! मी तशीच भिंगांकडे पळाले. त्यांनी तो आकडा केसपेपरवर चढवला आणि कंडक्टरांना ईसीजीला पाठवलं. पट्टी अगदी स्वच्छ आली. पुन्हा काढली. पुन्हा स्वच्छ. तोवर बाहेर बातमी गेली होती की आत एक नवी ताई बारा मिनिटं ऐकते. एक आजी म्हणाल्या, “मलापण तिच्याकडेच पाठवा, घरी कुणी दोन मिनिटं ऐकत नाही.” त्या दुपारी ओपीडी दीड तास लांबली.

तेव्हा मी शांतपणे विचार केला. पंधरा सेकंदांत काम उरकणं मला जमत नाही. छातीला कान लावला की बाहेर माणूस बसला आहे हे मी विसरते. काट्याला माझी वाट बघावी लागत नाही, माणसाला लागते. म्हणून मी दुरुस्तीच्या कामात बरी आहे आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिणार आहे. बाबांना हे तूच सांग. पाटी आहे त्या मापाची राहू दे.

गुडघ्यावर फार भार देऊ नकोस, आणि दिलास तर किती दिलास ते लिहून ठेव.

तुझी,
फूटपट्टी

ता. क. १ – पत्र बंद करायचं राहिलं आणि गुरुवारी कंडक्टर रिपोर्ट न्यायला आले. मला बघून हळूच म्हणाले, “काय ताई, झोप झाली का?” झोपले होते ते नव्हे, मी. पाचव्या मिनिटाला माझी मान खाली गेली, पेन त्यांनी धरलं, आणि मी पडू नये म्हणून ते सात मिनिटं न हलता बसून राहिले. उठवलं का नाही, असं मी विचारलं. “झोपलेल्या पॅसेंजरला त्याच्या स्टॉपलाच उठवायचं. सिस्टर येताना दिसल्या, म्हटलं, आला यांचा स्टॉप.” मग मिटलेले डोळे? “सिस्टरांना वाटावं मीच झोपलो.” अंगावर वायरी लावून ते दोनदा पडून राहिले, पण भिंगांना बोलले नाहीत. केसपेपरवरचं एकेचाळीस मी भिंगांसमोर खोडलं आणि कारण लिहिलं : मोजणारी झोपली. ते त्यांनी खालून वाचलं, मग माझ्याकडे वरून बघितलं, आणि माझ्या फॉर्मवर सही केली.

ता. क. २ – फॉर्मला उमेदवाराला ओळखणाऱ्या, वैद्यकीय कामातल्या एका व्यक्तीचं पत्र जोडावं लागतं. शनिवारच्या आत पाठव. त्यात ‘उमेदवार दक्ष आहे काय’ असा प्रश्न आहे. खोटं लिहू नकोस. थोडं पुसट लिही.

ता. क. ३ – वरचं ‘नाही’ रद्द समज. ‘हो’ का, यासाठी एक रकाना आहे. मी लिहिलं आहे : निरीक्षण अपुरं राहिलं. शेवटच्या मजल्यावरचं दार अजून उघडायचं आहे, आणि या वेळी जागेपणी.