पाच तासांवरची लेक

मुखेड, ५ नोव्हेंबर २०२४

ती. श्रीमंतदादास,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण आमचा पोरगा हरिओम स्पीकर लावतो आणि घरातलं बोलणं संध्याकाळच्या आत त्याच्या बहिणीला लंडनला कळतं. म्हणून कागद.

जावईबापूंनी माझं तिकीट पाठवलंय. आरतीचे दिवस भरत आलेत, १ डिसेंबरला निघायचं. तिकीट मी निरखून वाचलं. विमान हैदराबादहून सकाळी साडेसातला सुटतं आणि लंडनला दुपारी साडेबाराला टेकतं. म्हणजे पाच तास! दादा, मुखेडहून पुण्याला एस्टीनं याच्या दुप्पट वेळ लागतो. मी समजत होते, लेक जगाच्या टोकाला आहे. पुण्यापेक्षा जवळ राहून ती तीन वर्षांत एकदा आली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, त्यालाही नाही. दर रविवारी सकाळी नवाला मीच फोन करायचा, तर बाईसाहेबांचा आवाज झोपेतला! मला लई लागलंय. जाणार नाही, असं हरिओमला सांगून टाकलं. तुला काय वाटतं ते लिही. वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, माया राहू दे.

तुझी
सिंधू

औसा, १३ नोव्हेंबर २०२४

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग हिशेबाला बसलो. तुझी वहिनी विचारून गेली की एवढं काय लिहून राहिलात. अगं, तिकिटावर सुटायची वेळ हैदराबादच्या घड्याळाची असते आणि पोचायची लंडनच्या. तिथं दिवस आपल्यामागून उगवतो. मुखेडला दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिथं सकाळचे साडेसहा. अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या वर आहे, विमानात साडेदहा तास बसायचंय. खोटं वाटत असेल तर परतीचं तिकीट बघ, येताना चौदा-पंधरा तास दिसतील. वाट तीच, मग ती लांबेल कशी?

आरतीला नव्या नोकरीत रजा मिळाली नाही, आणि आता दिवस भरलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. या खेपेला माहेरानंच उठून जावं. दशम्या मात्र पाच तासांच्या हिशेबानं बांधू नकोस, उपाशी पोचशील. आणि वरून ऊन कसं दिसतं ते मला कळव, फार उत्सुकता आहे. सांभाळून जा, भावाची आठवण असू दे.

तुझा
दादा

लंडन, १५ डिसेंबर २०२४, रविवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी नात झाली. मायलेकी खुशाल आहेत. दशम्या पुरल्या, शेजारच्या बाईलाही दिल्या. खिडकीतलं ऊन सरता सरत नव्हतं, तू बरोबर पाहिजे होतास.

बाळ आल्यापासून मी आरतीच्याच खोलीत निजते. आज अंधारातच तिथं गजर वाजला. मला वाटलं बाळाच्या दुधाचा, पण बाळ तर गाढ झोपलेलं. आरतीनं चाचपडत फोन घेतला आणि ओशाळून म्हणाली की आई, रविवारी तुझा फोन असतो ना, गजर काढायचा राहूनच गेला. घड्याळात साडेतीन झाले होते. मुखेडला नऊ.

दादा, तीन वर्षं ही पोर गजर लावून माझं बोलणं ऐकत होती, आणि मी तिला झोपाळू म्हणून हिणवत होते. तुझं पत्र वाचूनही माझ्या डोक्यात हे आलं नाही. सांगितलं का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली की तेवढ्याच वेळी तुझं काम उरकलेलं असतं, तू निवांत बोलतेस. मला रडू आवरेना.

तिला पांघरूण घातलं आणि बाळाला घेऊन बसले. बसल्या बसल्या हे लिहितेय. वहिनींना नमस्कार सांग, लोभ आहे तसाच ठेव. इथले नऊ वाजून गेलेत आणि आरती अजून झोपलीय. मी कोणाला तिला उठवू देणार नाही.

तुझी
सिंधू