हुंकाराचं पान

ऑकलंड, ३ ऑगस्ट १९८७

ती. रुताआत्यास पेनिनाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे हाताने जोडलेली नमुनाप्रत, तिकडे गावी पाठवून कितीतरी दिवस झाले, बाबांचा एक शब्द नाही. गोष्ट आजीची, म्हणजे ती गेल्यावर आता बाबांची. ते हो म्हणाल्याशिवाय मी छापू देणार नाही, असं संपादकबाईंना सांगून बसलेय. त्या म्हणतात, महिनाअखेर पानं प्रेसला गेली नाहीत तर पुस्तक रद्द. आत्या, बाबा रागावलेत का गं? जेवणसुद्धा सुचत नाही.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
पेनिना

सफोतू, ११ ऑगस्ट

चि. पेनिनास अनेक आशीर्वाद.

आधी दोन घास जेव. रविवारी चर्चनंतर पोरांना जमवून डमी वाचली. चित्रांवर खूष, पण एकानेही ‘आऊए’ म्हटलं नाही. आजी गोष्टीत थांबायची, आपण ‘आऊए’ असा हुंकार दिला की पुढे जायची, विसरलीस? हुंकार नाही म्हणजे ऐकणारे झोपले, गोष्ट बंद. शहाणे, तुझ्या डाव्या पानावर कासव पोरीला घेऊन बुडी मारतं आणि शेजारच्याच पानावर ती किनाऱ्यावर केस पिळत बसलेली. मग पोरं घाबरणार कधी? तुझा बाप मध्येच उठून गेला. म्हणाला, आईची गोष्ट हिने मुकी केली.

राग मानू नकोस, जीव लाव.
रुताआत्या

ऑकलंड, १९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

आधी रडले, मग कात्री घेतली. आता बुडी उजव्या पानावर. ते उलटलं की दोन्ही पानं भरून नुसतं निळं पाणी, अक्षर नाही. पोरगी किनाऱ्यावर दिसते ती त्याच्याही पुढच्या पानावर. पानं वाढवता येत नाहीत, म्हणून माझं लाडकं मेजवानीचं चित्र काढून टाकलं. संपादकबाई म्हणतात, लोकांना छपाईची चूक वाटेल. मलाही तीच धास्ती आहे. नवी डमी सोबत पाठवतेय, बाबांना कसंही करून ऐकायला बसव. नाही म्हणाले तर तसंच कळव.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
पेनिना

सफोतू, २७ ऑगस्ट

चि. पेनिनास आशीर्वाद.

होकाराची तार सकाळीच केली, आता सविस्तर ऐक. तुझा बाप आला, पण आमच्याकडे पाठ करून खांबापाशी काथ्याची दोरी वळत बसला. निळ्या पानाशी मी थांबले. पोरं गप्प. तेवढ्यात खांबापाशी तो हळूच म्हणाला, ‘आऊए’. मग पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मी मुद्दामच पान उलटेना. तेव्हा दोरी टाकून तो माझ्यावर खेकसला, की अगं उलट ते पान, माझी पोरगी पाण्यात आहे.

आम्हा दोघांचा लोभ आहे, तो धर.
रुताआत्या