चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. एक तारखेला जागतिक एड्स दिन. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यात व्याख्यान द्यायचंय. अख्ख्या धुळ्यात एवढी अक्कल माझ्याकडेच आहे, हे त्यांना उशिरा का होईना कळलं. (बॉटनीच्या बाई आधी नको म्हणाल्या होत्या. पण तो त्यांचा प्रश्न.)
संकल्प : रोज पहाटे उठून तयारी. व्याख्यान असं ठोकायचं की उपप्राचार्यपद चालत घरी आलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर
पहाट हुकली. थंडी फार. पण पुण्याहून मागवलेलं जर्नल वाचलं. कॉलेजात दुसऱ्या कोणाला हे झेपलं नसतं. व्हायरसच्या अंगावर जीपी-१२० नावाचं प्रोटीन असतं. ते रक्तातल्या टी-पेशीवरच्या सीडी-४ या रिसेप्टरला पकडतं. पण तेवढ्यावर आत शिरता येत नाही. दुसराही रिसेप्टर लागतो, बहुधा सीसीआर-५. हा याच वर्षी सापडला. दोन्ही जमले की व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि स्वारी आत. युरोपात काही लोकांच्या पेशींवर सीसीआर-५ नसतोच, त्यांना सहसा लागण होत नाही. माझ्यातही तो नसणार. आमच्या घराण्यात कुणाला साधा गोवरसुद्धा झाला नाही.
बायकोला हे सांगितलं. प्रमिला म्हणाली, मग दर महिन्याला तुमची सर्दी कुठून आत शिरते? हिला सायन्स सांगण्यात अर्थ नाही.

२६ नोव्हेंबर
जीवराम येऊन गेला. त्या खेड्यातला प्राथमिक मास्तर. कार्यक्रम त्यानेच ठरवलाय. त्याची अडचण अशी : गावात गुलाब नावाचा ट्रक ड्रायव्हर आहे. मुंबई-आग्रा लाइनवर होता. तपासणीत एचआयव्ही निघाला. पूर्वी गावातल्या प्रत्येक भरीत पार्टीत भरीत त्याच्याच हातचं. वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची. आता त्याच्या हातचं पाणीही कुणी घेत नाही. एकटी आई, भिकुबाई, त्याच्याबरोबर एका ताटात जेवते. जीवरामचा बेत : व्याख्यान झालं की शेतात भरीत, गुलाबनेच करायचं. सरांनी समजावलं की लोक खातील, पोरगा पंगतीत बसेल.
मी म्हटलं, काय अडाणी लोक आहेत! भरतात कसला व्हायरस? बिनधास्त ठेव.

१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
व्याख्यान अप्रतिम! कडी-कोयंड्याचं उदाहरण दिलं. पेशीच्या दाराला विशिष्ट कोयंडा असतो, त्यात बसेल अशीच कडी व्हायरसकडे असते. असं दार ताटात नसतं, पेल्यात नसतं, शेजारी बसल्यानं उघडत नाही. शरीरसंबंध, रक्त, सुई, आणि आईकडून बाळाला, एवढेच रस्ते. माना डोलल्या. भिकुबाई पदर डोळ्याला लावून उठली आणि सगळ्यांना म्हणाली, "आयकं ना? मी त्याना ताटमा जेवस, माले काय व्हयनं?"
मग शेतात गेलो. केळीची पानं मांडलेली. गुलाबने पहिलं भरीत माझ्या पानावर वाढलं. त्याच्या बोटावर भाजल्याचा डाग होता. जुना असेल. किंवा नवा असेल. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. भिकुबाई म्हणाली, "सर, तुम्ही पयले खा, मंग बठ्ठा खातीन." (बठ्ठा म्हणजे सगळे.)
मी प्रसंगावधान राखून म्हणालो, माझा चातुर्मासाचा नेम आहे, चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. (परवा घरी भरली वांगी खाल्ली, ती प्रमिलाची चूक.) त्यावर गावातल्या प्रत्येकाला आपापला नेम आठवला. काय ढोंगी माणसं! गुलाबने माझ्या पुढचं पान उचललं. त्याला बहुधा राग आला. या लोकांना धर्माची चाड नाही.

५ डिसेंबर
जीवरामचा निरोप. लोक म्हणतात, चंपाषष्ठीला सर येऊन खातील तेव्हा आम्हीही खाऊ. गुलाब त्या दिवशी पुन्हा भरीत करणार. पंधरा तारीख, रविवार. अवश्य येतो म्हणून कळवलं.
संकल्प : जायचंच. दोन भाकरी भरीत सगळ्यांसमोर खायचं. विज्ञानासाठी एवढं केलंच पाहिजे.

१४ डिसेंबर
आरशात हिरड्या तपासल्या. डाव्या बाजूला थोडं लाल वाटतं. तोंडात जखम असेल तर? नसेलच. पण असेल तर? सीसीआर-५ आहे की नाही याची टेस्ट धुळ्यात कुठे होत नाही. मागासलेलं शहर. उद्या अर्थातच जाणार.

१५ डिसेंबर, सकाळ
कपडे इस्त्रीचे. बस स्टँडवर गेलो. साक्रीची बस गच्च. प्राध्यापकाने लटकत जायचं का? दुसरी बस रिकामी होती, पण तिचा ड्रायव्हर बेफाम वाटला.

दुपार
घरी. पोटात मुरडा. प्रमिला म्हणाली, स्टँडवर जाईपर्यंत तर बरे होता. तिने केलेलं भरीत मात्र छान होतं. तीनदा घेतलं.

१७ डिसेंबर
कॉलेजातून आलो तर जीवराम ओट्यावर बसलेला. मी मुरड्याचं सविस्तर सांगितलं. त्याने मान हलवली. मग त्याने रविवारचं सांगितलं. लोक दुपार उलटेपर्यंत थांबले. भरीत निवलं. मग एकेकाने घरून आणलेली भाकरी सोडली आणि लांब बसून खाल्ली. गुलाब बांधावर बसून होता. भिकुबाई म्हणाली, "सरस्ले बठ्ठं समजस. तरी त्या खातस नई. मंग काहीतरी व्हई ना."
त्या संध्याकाळी तिने घरात गुलाबचं ताट वेगळं केलं.
पाहा! म्हणजे एवढं लेक्चर पालथ्या घड्यावर पाणी. या लोकांच्या डोक्यात काही शिरायचं नाही. जीवरामला मी हेच म्हणालो. प्रमिलाने चहा आणला. जीवराम म्हणाला, नको सर. आणि कप तसाच ठेवून निघून गेला.
माझ्या घरच्या चहाने त्याला काय होणार होतं?