ड्यूकला कोणी सांगितलं नाही

आपाम,
२८ एप्रिल

प्रिय एवुरासी,

तुझं पत्र शाळेच्या शिक्क्यासह मिळालं. तब्येत बरी असेल, वसतिगृहातलं जेवण अंगाला लागत असेल. इकडे समुद्र तसाच आहे. मासा कमी येतो. वीज वारंवार जाते, त्यामुळे शीतगृहात मला जास्त वेळ थांबावं लागतं. इथल्या माशांना माझ्याइतकं जपणारं कोणी नाही, असं मालक म्हणतो. ही स्तुती आहे की नाही ते त्यालाच माहीत.

सोबत कसाव्याची भाजलेली गारी, साखर आणि मिरचीच्या शितोची बरणी पाठवली आहे. बरणीचं झाकण घट्ट लाव, नाहीतर खोलीतल्या पोरी वासावरच येतील.

इंग्रजी साहित्याच्या पेपरासाठी तू विचारलेल्या संज्ञा मी गाईड घेऊन वाचल्या. मला साहित्य कळत नाही, व्याख्या कळतात. उपमेत दोन वस्तूंच्या मध्ये 'सारखा', 'जसा' असा एक फ्यूज असतो. रूपकात तो फ्यूज काढून वायर थेट जोडलेली असते, म्हणून धक्का जोरात बसतो. निर्जीवाला माणसासारखं वागवलं की चेतनगुणोक्ती. 'कंप्रेसर आज रुसलाय' असं आम्ही मेकॅनिक रोज म्हणतो, त्याचे कोणी गुण देत नाही.

पर्यायोक्ती म्हणजे जे सरळ सांगवत नाही ते आडवळणाने सांगणं. याचं उदाहरण तूच शोध. मला सुचत नाही.

आईबद्दल विचारलंस. तिचं भट्टीचं काम बंद आहे. मासे धुरावायला आता शेजारची बाई येते. आईला खोकल्याचा त्रास राहिलेला नाही. तू पदवीधर व्हावंस ही तिची इच्छा तुला माहीत आहे, मी परत लिहीत नाही.

अभ्यास कर.

तुझी,
अराबा

आपाम,
९ मे

प्रिय एवुरासी,

पहिला पेपर बरा गेला हे वाचून बरं वाटलं. 'बरा' म्हणजे किती, ते तू लिहीत नाहीस. मी असते तर लिहिलं असतं.

शितोची चव वेगळी लागली म्हणतेस. आलं कमी पडलं आणि मिरची थोडी करपली. या वेळी मी केली होती. हसू नकोस.

माझ्या पत्रात एक नेहमीचं वाक्य नव्हतं, असंही तू लिहिलंस. 'आम्ही सगळे खुशाल आहोत.' घाईत राहून गेलं असेल, असं तूच पुढे म्हटलंस. मी घाईत लिहीत नाही.

आता तुझ्या नाटकाचा प्रश्न. ड्यूकचा मुलगा जहाजासह बुडाला हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे, प्रेक्षकांनाही माहीत आहे, आणि ड्यूक मात्र मुलाच्या स्वागतासाठी मेजवानी ठरवतो आहे. तू विचारतेस, लेखकाने प्रेक्षकांना आधीच का सांगून टाकलं? शेवटी कळलं असतं तर जास्त धक्का बसला नसता का?

गाईडमध्ये याला नाट्यात्म उपरोध म्हटलं आहे. पात्राला माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असतं, म्हणून पात्राचं साधं बोलणंही जड होतं. ड्यूक 'मीठ जरा कमी घाला, त्याला खारट चालत नाही' म्हणतो, तेव्हा तो फक्त जेवणाबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याची मान खाली जाते. धक्का एकदाच बसतो. हे मात्र अंक संपेपर्यंत चालू राहतं. एवढं लिही, गुण मिळतील.

नोकरांनी ड्यूकला का सांगितलं नाही, यावर तुझं मत वेगळं आहे. भित्रे होते म्हणून नाही, त्याला शांतपणे जेवता यावं म्हणून, असं तू लिहिलंस. ते उत्तरात घाल. परीक्षकाला आवडेल की नाही सांगता येत नाही. मला आवडलं.

रविवारी मी चर्चमध्ये दिसत नाही हे तुला कोणी सांगितलं? बायबल वर्गातली ती चुगलखोर असणार. दर रविवारी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाते. तिथल्या शीतखोलीचं यंत्र जुनं आहे, वीज गेल्यावर जनरेटर उशिरा उचलतो. पाहणारं कोणी हवं. काटा चारच्या वर गेलेला मला चालत नाही.

एबो मामा आला होता. मी लिहायला बसलेली पाहून खुर्ची ओढून समोर बसला.

"काय लिहितेस तिला?"

"उपरोध म्हणजे काय ते."

"ते काय असतं?"

सांगितलं. त्याने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "एवढंच लिही. दुसरं काही लिहू नकोस."

म्हणून एवढंच लिहिते.

अराबा

आपाम,
२० मे

एवुरासी,

पाणी प्यायलीस का? प्यायली नसशील तर कागद घडी कर आणि आधी पी. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. शेवटचा पेपर देऊन तू गेटबाहेर येशील तेव्हा पाण्यासोबत तुझ्या हातात देईन. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग बातमी. तोंडाने सांगायला मला जमेल याची खात्री नाही, म्हणून लिहून आणते आहे.

आई गेली. ईस्टरची सुट्टी संपून तू शाळेत परत गेलीस, त्याच आठवड्यात. भट्टीपाशी बसली होती. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. वेदना फार झाल्या नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणतात का, मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मामाने घरच्या सगळ्यांना बसवलं. "बातमी पोरीच्या कानावर घातली की तिने शोकाचं लाल-काळं नेसून घरी यायचं, आईपाशी बसायचं. रीत आहे, मला मोडता येणार नाही. पण मग परीक्षा गेली, वर्ष गेलं. आणि परीक्षा कोणाला हवी होती? हिलाच ना?" असं म्हणून त्याने आतल्या खोलीकडे हात केला. तिथे आईचा पलंग रिकामा होता. "तेव्हा कोणी सांगायचं नाही. सांगितलं नाही, तोवर तिला कळलेलं नाही. पेपर झाले की पुरायचं."

मी हो म्हटलं. माझ्याच हाताने दवाखान्याची शीतखोली, आई जिथे होती ती, चार अंशांवर ठेवली. पत्रांत मी तुला एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. परत वाचून बघ. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

मग मामाकडूनच चूक झाली. मयताची पोस्टरं छापून आली, मधे आईचा फोटो, वर मोठ्या अक्षरात 'केवढा हा धक्का', खाली आपल्या दोघींची नावं. चिकटवणाऱ्याला त्याने सांगितलं, जिथे जिथे तिचं गिऱ्हाईक तिथे तिथे लाव. आईचा धुरावलेला मासा तुझ्या शाळेच्या गावातही विकला जायचा, हे मामा विसरला. चिकटवणारा विसरला नाही.

मला कळलं तेव्हा मी बादली आणि पत्रा घेऊन पहिल्या ट्रोट्रो व्हॅनने निघाले. स्टँडवरचं खरवडलं, बाजारातलं खरवडलं. आईच्या तोंडावर पत्रा फिरवायचा नाही म्हणून कडेने आत येत होते. फोटो तरी फाटतच होता. शेवटी शाळेच्या गेटसमोरची भिंत. तिथे पोस्टर नव्हतंच. एक स्वच्छ चौकोन होता, कोपऱ्यांत खळ वाळलेली.

शेजारी मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांची केंकी विकणारी मान्सा मावशी बघत होती. "काय गं, पालिकेत लागलीस काय? भिंती धुतेस ती?"

"इथे एक कागद होता, मावशी."

"होता की. शनिवारी पोरी रस्ता झाडायला बाहेर येतात ना, त्यातल्या एकीने काढला. तू कोण त्या फोटोतल्या बाईंची?"

"मोठी मुलगी."

मावशीने केंकीवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. "मग ती धाकटी. झाडू टाकून उभी राहिली. माझ्याकडे भांडंभर पाणी मागितलं. मी म्हटलं, प्यायला? म्हणाली, नाही, कागद सोडवायचाय."

"रडली?"

"नाही गं. फाटू नये म्हणून श्वास धरून एकेक कोपरा सोडवत होती. मी म्हटलं, पोरी, घरी जा. तर म्हणते, मला अजून कोणी सांगितलेलं नाही, मावशी. घडी करून पोटाशी घातला कागद. मग भांड्यात उरलं होतं ते पाणी प्यायली आणि झाडायला लागली."

मी तिथेच बादलीवर बसले. मावशीने पानात बांधून एक केंकी माझ्या मांडीवर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर तुझं शेवटचं पत्र परत काढलं. त्याच शनिवारी लिहिलेलं आहे. अक्षर नेहमीसारखं, ओळी सरळ. तू लिहिलंस, 'पर्यायोक्तीचं उदाहरण सापडलं, परीक्षा झाल्यावर सांगते. आईला सांग, मी नीट अभ्यास करतेय.'

मी त्या वाक्यावरून आधी तशीच पुढे गेले होते. तुला काही माहीत नाही असं समजून तुझी कीव केली होती. प्रेक्षक मी नव्हते. स्वयंपाकघरात तू होतीस, आणि मी शांतपणे जेवावं म्हणून गप्प होतीस.

तुझा निरोप मी रविवारी आईला सांगितला. शीतखोलीत कोणी नव्हतं. यंत्र नीट चालू होतं.

शनिवारी पुरायचं आहे. कापड आणलं आहे, तुझ्या मापाचं शिवून घेतलं. तुझ्याजवळचं पोस्टर घरी घेऊन ये. न फाटलेलं तेवढं एकच उरलं आहे.

त्या दिवशी तुझ्या हातात पाणी द्यायला मी नव्हते. भांड्यात उरलेलं तू स्वतःच घेतलंस. आज माझ्या हातून घेतलंस.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिता येत नाही. आपण दोघी आहोत, एवढं लिहिते.

तुझी ताई,
अराबा